मग ती रडते

दुपारी पावणेबाराला, जेवणाच्या ट्रॉल्या लिफ्टपाशी खडखडू लागल्या तेव्हा, हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावरची तिसरी लाइन वाजली. तिने रोजच्यासारखं "नमस्कार, हॉस्पिटल" म्हटलं. पलीकडून एक बाईमाणूस म्हणालं, "डॉक्टर नकोत हो, तुम्हीच हव्या आहात. मी तुमच्या मुलीची वर्गशिक्षिका." शाळेतून भर दुपारी फोन म्हणजे ताप, नाहीतर डोक्याला खोक. पण बाईंचा आवाज घाबरलेला नव्हता, ओला होता. अकरा वर्षं बोर्डावर काढलेल्या माणसाला आवाजांचे ओलावे वेगवेगळे कळतात. नुकतंच बाळ झालेल्या घरचा वेगळा, नुकतंच माणूस गेलेल्या घरचा वेगळा. हा तिसरा होता, पाहुण्यांचा. तो तिने लहानपणापासून ओळखला होता आणि तो ऐकला की तिची मान आपोआप ताठ व्हायची. "तिने 'माझी आई' निबंध लिहिलाय. आम्ही साऱ्या शिक्षिका रडलो. म्हटलं, तुम्हाला वाचून दाखवावा. तुम्हाला काही वाचता यायचं नाही ना."

वाचता येतं, ती म्हणणार होती. बोटांनी वाचते, तुमच्यापेक्षा जास्त वाचत असेन. पण तेवढ्यात प्रसूती वॉर्डातून रक्तपेढी हवी होती, बाईंना थांबवून तिने ती जोडून दिली, आणि परत आली तोवर बाईंनी वाचायला सुरुवातही केली होती. "माझी आई आंधळी आहे. सकाळी मी तिला उठवते. मी तिचे केस विंचरते. मी गॅस पेटवून चहा करते. मी आईला घास भरवते. रस्त्यावर मी तिची काठी आहे. आईला रंग माहीत नाहीत. मी तिला सांगते की आकाश निळे आहे. मग ती रडते."

मध्ये लिफ्टचं दार दोनदा आपटलं. बाईंनी नाक ओढलं आणि पुढचं सांगितलं. येत्या शुक्रवारी शाळेत अपंगांविषयी जाणीव करून देणारा कार्यक्रम आहे, मुलांच्या डोळ्यांना रुमाल बांधून त्यांना शाळाभर चालवायचं आहे, म्हणजे त्यांना कळेल; आणि शेवटी स्टेजवर तिच्या मुलीला प्रमाणपत्र. त्यावर सोनेरी अक्षरांत छापलंय, 'आईचे डोळे'. "तुम्ही याल ना? तुम्हाला घ्यायला कुणाला तरी पाठवू." ती "बरं" म्हणाली. बरं म्हणजे हो नव्हे, हे बाईंना कळायचं कारण नव्हतं. फोन ठेवल्यावर तिने हाडांचे डॉक्टर मागणाऱ्या एका म्हाताऱ्याला सरळ लॉन्ड्रीत जोडून दिलं. अकरा वर्षांतली पहिली चूक. म्हातारा पाच मिनिटं आपल्या गुडघ्याचं रडगाणं चादरी मोजणाऱ्या माणसाला ऐकवत राहिला आणि त्या भल्या माणसाने ऐकूनही घेतलं.

दुपारभर ती लाइनी जोडत राहिली आणि मनात त्याच दिवशीची सकाळ उलगडून बघत राहिली. कोण कुणाला उठवतं? भिंगरीला, घरीदारी तिचं हेच नाव होतं कारण आठ वर्षांची झाली तरी एका जागी ठरत नव्हती, रोज तीन हाका लागायच्या आणि चौथीला पांघरूण ओढावं लागायचं. वेण्या घालताना मान इकडून तिकडे. कंगवा कानाला लागला की कांगावा. डबा, बूट, दप्तरात कोंबलेला ओला रुमाल वासाने हुडकून काढणं, हे सगळं आईने करायचं आणि निबंधात ते त्या कार्टीच्या नावावर जमा. घास म्हणे. घास भरवते! ताटातला भोपळा ही मुलगी माझ्या ताटात सरकवते आणि वाटतं की मला कळत नाही, तोच घास असेल. तिला हसू आलं आणि हसण्याच्या मागोमाग राग आला, आणि राग नेमका कुणावर ते कळेना. सगळ्यात जास्त खुपलं ते शेवटचं वाक्य. आकाशासाठी ती आयुष्यात कधी रडली नव्हती. ती रडली होती बोर्डाच्या नोकरीसाठी पाचव्यांदा नकार आला तेव्हा, आणि भिंगरी जन्मल्यावर नर्सने "हिला नका देऊ, पाडेल" असं नवऱ्याला दबक्या आवाजात सांगितलं तेव्हा. दबक्या आवाजात! आंधळ्या बाईच्या उशाशी! त्यावर ती उठून बसली होती, टाके ताणले गेले होते, आणि तिने हात पुढे केले होते. "द्या," एवढंच म्हणाली होती. निळ्याशी तिचं काही वैर नव्हतं. जन्मापासून नाही त्याचं दुःख कसलं करायचं? माणसाला शेपूट नाही म्हणून कुणी उशी भिजवतं का?

पण खरं खुपणं याच्याही खाली होतं आणि संध्याकाळी बसस्टॉपवर उभं असताना ते वर आलं. ही थाप तिच्या ओळखीची होती. तिनेच मारलेली, त्याच वयात. अंध मुलींच्या वसतिगृहात शनिवारी पाहुणे यायचे. मुलींना रांगेत उभं करायचे. पाहुण्यांच्या साड्यांची सळसळ, अत्तर, आणि तो ओला आवाज, "अरेरे, किती गोड आहे हो, आणि..." 'आणि'च्या पुढे नेहमी थांबायचे. कुठल्या वाक्याला त्यांचा श्वास अडकतो हे तिला आठव्या वर्षीच समजलं होतं. गाणं म्हटलं तर टाळ्या मिळायच्या. पण एखादी मुलगी "मला आई नाही" म्हणाली की डोक्यावरचा हात थरथरायचा. एका शनिवारी तिने ते म्हटलं आणि हातात एक खोका आला. रंगीत खडू, बारा. आंधळ्या मुलीला बारा रंगांचे खडू! मेणाचा वास छान होता. तिने एक चावून पाहिला, सगळ्यांची चव एकच निघाली. तिची आई तर धडधाकट होती, मोठ्या आवाजाची, भांडकुदळ, दर महिन्याला दोन बस बदलून पिशवीभर बिस्किटं घेऊन येणारी. स्वयंपाकीणबाईंनी चहाडी केली. आई आली, शेजारी बसली, रागावली नाही. म्हणाली, "मेलेल्या बाईने आणलेलं खायचं नसतं, बाधतं." आणि पुडा फोडून एकेक बिस्किट स्वतःच खाऊ लागली. कुरुम कुरुम. लेकीच्या कानाशी बसून सावकाश अख्खा पुडा. शेवटचं अर्धं तिच्या तळव्यावर ठेवलं आणि म्हणाली, "हे घे. अर्धी जिवंत आहे मी अजून."

घरी आल्यावर तिने बटाटे सोलायला घेतले. नवरा हॉस्पिटलचीच ॲम्ब्युलन्स चालवायचा, तो आंघोळ करून टेबलाशी बसला होता. भिंगरी गृहपाठाची पानं उगीच उलटत होती. पानं उलटण्यात लिहिण्याचा आवाज नव्हता. शेवटी तीच म्हणाली,

"बाईंचा फोन आला होता?"

"आला होता."

"आवडला तुला?"

"मी कधी रडते गं, आकाश निळं म्हटल्यावर?"

भिंगरीने वही मिटली. मग बारीक आवाजात, "ते... शेवट हवा होता ना. बाई म्हणतात, शेवट मनाला भिडला पाहिजे."

नवऱ्याला हसू फुटलं. तो हसू गिळून म्हणाला, "जाऊ दे ना. पोर आहे. बक्षीस मिळतंय तर मिळू दे."

"आणि मी स्टेजवर उभी राहू? घास भरवून घेणारी?"

"एक दिवस. लोक काय, म्हणतातच. मला नाही म्हणत? देवमाणूस आहेस म्हणतात, हिच्याशी लग्न केलंस."

तिचा सुरीचा हात थांबला. "तुला आवडतं, तसं म्हटलेलं?"

तो खरं बोलणारा माणूस होता, म्हणूनच तिने त्याला पत्करलं होतं. "कधीकधी," तो म्हणाला. "दिवसभर शिव्या खाऊन आलं की बरं वाटतं. मग घरी येतो, तू बूट कुठे काढलेस म्हणून ओरडतेस, आणि देवपण उतरतं."

भिंगरी एव्हाना रडकुंडीला आली होती. "मी आधी खरा लिहिला होता!" ती एकदम म्हणाली. "तू फोनवर काम करतेस असा. तू रागीट आहेस असा. तुला सगळं ऐकू येतं म्हणून चोरून काही खाता येत नाही, असा. बाईंनी परत दिला. म्हणाल्या, आई अंध आहे ना, मग त्याबद्दल काहीच नाही? ते लिही, छान होईल. मग मी ते लिहिलं. तर छान झालं."

बटाट्याची साल तिच्या बोटाला चिकटून राहिली. म्हणजे असं होतं तर. तिच्या वेळी पाहुण्यांना निदान यावं तरी लागायचं, रांग लावावी लागायची. आता वहीत लाल शाईने मागून घेत होते. रागाला इतका वेळ पत्ता सापडत नव्हता, तो सापडला, आणि तिला जरा मोकळं वाटलं. राग योग्य जागी गेला की अंगात ताकद येते, हे तिला बोर्डावर रोज कळायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पहिली लाइन स्वतःसाठी घेतली आणि शाळेत फोन लावला. "शुक्रवारपर्यंत थांबायला नको. मला त्याआधी तिसरीच्या वर्गाचा एक तास द्या. मीच शिकवते." वर्गशिक्षिकेला आनंदच झाला. "अनुभवकथन! वा! अश्रू आवरायचे नाहीत कुणाला."

"बघू," ती म्हणाली.

बुधवारी ती अर्धी रजा टाकून एकटीच गेली. शाळेच्या फाटकात शिपायाने तिचा दंड धरला आणि पोतं ओढावं तसं ओढू लागला. तिने सांगितलं, दादा, मी तुमचा हात धरते, तुम्ही माझा नका धरू. त्याला वाईट वाटलं, पण तो तसा चालला, आणि तिसऱ्या पायरीला म्हणाला, "हे सोपं आहे की." वर्गात पेन्सिलीच्या भुशाचा आणि ओल्या मोज्यांचा वास होता. मुलं चाळीसेक असावीत. कुजबुज खिडकीकडे दाट, दाराकडे विरळ. भिंगरी कुठे बसते तेही तिला कळलं, कारण खिडकीकडच्या तिसऱ्या बाकावर एका जागी न ठरणाऱ्या पायांची ओळखीची सुरसुर चालू होती. बाईंनी मोठ्या उत्साहाने सांगितलं की आपण आधी रुमालांचा सराव करू, म्हणजे तुमचं बोलणं मुलांच्या काळजात उतरेल. तिने नको म्हणेपर्यंत रुमाल बांधून झाले होते. मग जे व्हायचं तेच झालं. बाक सरकले, डोकी आपटली, कुणी कुणाला मुद्दाम ढकललं, खिदळणं, शिट्टी, आणि एका कोपऱ्यात एक मुलगी खरोखरच घाबरून रडायला लागली. "पाहिलंत मुलांनो," बाईंचा आवाज ओला झाला, "किती भयंकर असतं! दोन मिनिटांत ही अवस्था, तर यांचं आयुष्य कसं असेल! आपण किती नशीबवान!"

ती उभी राहिली. हॉस्पिटलच्या बोर्डावर एकदा आग लागल्याचा फोन आला होता, तेव्हा जो आवाज तिने लावला होता तोच आता लागला. चढा नाही, पण सरळ. "रुमाल सोडा. सगळ्यांनी. सोडले? रडणाऱ्या मुलीचा आधी सोडा. आता ऐका. पोहता न येणाऱ्या पोराला विहिरीत ढकललं, ते बुडायला लागलं, मग बाहेर काढलं आणि विचारलं, काय रे, पोहणं कसं असतं? ते काय सांगेल? बुडणं सांगेल. तुम्ही आता बुडालात. मी अडतीस वर्षं पोहतेय. तुम्हाला माझ्यातलं काही कळलेलं नाही." बाई काहीतरी म्हणणार होत्या, पण एका मुलाने आधी विचारलं, "मग तुम्हाला कसं कळतं, पुढे भिंत आहे?" आणि तास खरा तिथून सुरू झाला. तिने काठी दिली, ती हातोहात फिरली. टोकाने फरशी, लाकूड आणि पत्रा वेगळा वाजतो हे त्यांनी शोधून काढलं आणि वर्गभर इतकी ठोकाठोक केली की शेजारच्या वर्गातून कुणी तरी ओरडलं. तिने बाटलीतलं पाणी पेल्यात ओतून प्यायलं तर टाळ्या पडल्या.

"टाळ्या कशाला?" ती म्हणाली. "तुमची आई पाणी पिते तेव्हा वाजवता?"

"नाही!"

"मग मला का? मला तहान लागली होती."

मुलं हसली आणि मग प्रश्नांना ऊत आला. स्वप्नात दिसतं का? ऐकू येतं. तुम्हाला फसवता येतं का? येतं, पण मग मी पण फसवते. संडासात कसं कळतं पुरे झालं? बाई "ए!" म्हणून ओरडल्या, ती म्हणाली, तुला काय टॉर्च घेऊन बसावं लागतं का रे? वर्ग कोसळला. तिला कितीतरी दिवसांत इतकं मोकळं वाटलं नव्हतं. या पोरांच्या आवाजांत ओल नव्हती. नुसतं कुतूहल होतं, कोरडं, खरबरीत, लाकडासारखं. ओल नंतर घातली जाते, तिच्या मनात आलं. एक एक थेंब, छान छान शेरे देऊन. आणि तेवढ्यात पहिल्या बाकावरून एका मुलीने अगदी सहज, काही वाईट मनात नसताना विचारलं, "पण तुम्हाला तर भिंगरी घास भरवते ना? बाईंनी वाचून दाखवलं."

खिडकीकडची सुरसुर थांबली. चाळीस मुलं गप्प होती, पण एका मुलीचं गप्प होणं तिला वेगळं ऐकू आलं. हो म्हणावं तर ती आयुष्यभर घास खाणारी राहिली. नाही म्हणावं तर तिचीच लेक सगळ्यांसमोर खोटारडी ठरली, आणि तिसरीच्या वर्गात ते नाव किती वर्षं पुरतं हे तिला ठाऊक होतं. तिने काठी परत मागितली, हातात घेतली, घट्ट धरली.

"मी तुमच्याएवढी होते," ती म्हणाली, "तेव्हा मी याहून मोठी थाप मारली होती. पाहुण्यांना सांगितलं, मला आई नाही. आई तर होती, चांगली टुणटुणीत. मग का सांगितलं? कारण पाहुण्यांना ते फार आवडायचं. त्यांना गाणं एवढं आवडायचं नाही, गणित तर मुळीच नाही. मी दुःखी असलेली आवडायची. मोठ्या माणसांना अशा गोष्टींची भूक असते. मुलं बिचारी काय करतील? वाढतात. थाप मुलांची असते, भूक मोठ्यांची असते. म्हणून त्या थापेबद्दल मला कुणी शिक्षा केली असती, तर मी म्हटलं असतं, आधी पाहुण्यांना करा."

बाईंची खुर्ची करकरली. मग खिडकीकडचा बाक सरकला. "मी घास नाही भरवत," भिंगरीचा आवाज कापत होता पण मोठा होता. "मला गॅसला हातसुद्धा लावू देत नाही ती. आणि वेणी तीच घालते. आणि खूप ओढते."

"ओढत नाही, तू हलतेस," ती म्हणाली. तोंडून निघून गेलं. वर्ग पुन्हा हसला, आणि हे हसणं भिंगरीला टोचणारं नव्हतं. घरोघरी वेण्या ओढल्या जातात, हे त्या सगळ्यांना माहीत होतं.

तासानंतर मुख्याध्यापिकांनी तिला ऑफिसात बसवून चहा मागवला. त्यांचा आवाज ओला नव्हता, इस्त्रीचा होता. "आमचा हेतू चांगला होता. तुम्ही शिक्षिकेला मुलांसमोर खाली पाहायला लावलंत. आणि आपल्याच मुलीचं कौतुक घालवलंत. प्रमाणपत्र छापून झालंय."

"ते दुसऱ्या कुणाला देता येणार नाही?"

"'आईचे डोळे'? कुणाला देणार?"

"तोच तर प्रश्न आहे," ती म्हणाली. "माझे डोळे कुणाकडे ठेवायला दिलेले नाहीत मी. नाहीतच ते. जे नाहीत त्याचा मालक कशाला नेमता? शुक्रवारी रुमाल बांधणार असाल तर बांधा. मी दाराशी उभी राहीन आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलाला विचारीन, काय शिकलास. माझी रजा शिल्लक आहे."

"तुम्ही फार कडवट आहात."

"असेन. रागीट आहे असं मुलीनेही लिहिलं होतं. त्या निबंधाला छान म्हणायला हवं होतं."

शेजारी वर्गशिक्षिका उभ्या होत्या, हे तिला त्यांच्या बांगडीवरून कळत होतं. ती निघाली तेव्हा त्यांनी आपलं कोपर पुढे केलं, धरलं नाही, नुसतं पुढे केलं. तिने ते घेतलं. शुक्रवारी चौथीने आणि दुसरीने रुमाल बांधले, नेहमीप्रमाणे डोकी आपटली, आणि मुख्याध्यापिकांनी नेहमीचं भाषण केलं. तिसरीचा वर्ग त्या वेळी मैदानात होता. एवढंच झालं. जग काही बदललं नाही. पण ते नंतर कळलं.

बुधवारी शाळा सुटल्यावर मायलेकी घरी निघाल्या तेव्हा भिंगरी तिच्या बाजूने चाललीच नाही, चार पावलं पुढे चालली. बूट मुद्दाम आपटत. बेकरीशी वळल्यावर तिचा बांध फुटला. "तुला काय गरज होती यायची? सोनेरी अक्षरं होती! सगळ्यांसमोर मला बोलावं लागलं! आता मला कुणी काहीच देणार नाही!"

"नाही देणार."

"बाई आता मला पुढे बसवणार नाहीत."

"मागून ऐकू येतं. ऐकायला शीक."

"मी तुझा हात नाही धरणार!"

"नको धरूस."

"कधीच!"

"बरं."

"तू वाईट आहेस! दुसऱ्यांच्या आया अशा नसतात!"

रस्त्यावरची दोन माणसं थांबली. त्यांतल्या एकाने च् च् केलं. आंधळ्या आईशी असं बोलते म्हणून असेल. "काय गं पोरी," तो म्हणालाच, "आईची दया येत नाही?"

"तुम्ही मध्ये पडू नका," ती त्याला म्हणाली, आणि लेकीकडे वळली. तिच्या छातीत काहीतरी इतकं उसळत होतं की आवाज सरळ ठेवणं जड जात होतं. आठ वर्षांत ही मुलगी तिच्याशी कधी अशी भांडली नव्हती. कानाला कंगवा लागला म्हणून कुरकुरली होती, हट्ट करून बसली होती, पण भर रस्त्यात, चारचौघांत, पाय आपटून, घसा फोडून नाही. आत कुठेतरी जपून बोलत आली होती, काचेच्या भांड्याशी बोलावं तशी. हे आज कळत होतं. आज ती कुठलीही मुलगी कुठल्याही आईशी भांडते तशी भांडत होती.

"अजून काय?" ती म्हणाली. "बोल. मोठ्याने बोल, गाड्यांचा आवाज आहे."